जुन्या मोटारीचे टॅपेट : आवाज नव्हे, अंतर पाहा

खेडोपाडी अजूनही एखाद्या वाड्याच्या अंगणात जुनी ॲम्बेसेडर, पद्मिनी किंवा पेट्रोल जीप जपून ठेवलेली दिसते. भाजीच्या करंड्या, औषधाचे डबे, बियाण्याची पोती आणि अडीअडचणीला आजारी माणूस, हे सारे या गाड्यांनी वर्षानुवर्षे वाहिले. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि पद्मिनी त्याच्याही बऱ्याच आधी बंद झाली. म्हणजे आहे ते इंजिन टिकवणे एवढाच मार्ग मालकापुढे उरतो.

अशा इंजिनाचे हेड उतरवण्याची पाळी अनेकदा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळल्यामुळे येते. व्हॉल्व्ह एका दिवसात जळत नाही. त्याआधी काही महिने टॅपेटचे अंतर कमी होत गेलेले असते. मात्र त्या काळात इंजिन आवाज करत नाही, उलट पूर्वीपेक्षा शांत चालते, आणि मालक समाधानी असतो. खडखडणारा टॅपेट परवडला, पण मुका टॅपेट परवडत नाही, ही गोष्ट लक्षात घेऊनच पुढील माहिती वाचावी.

टॅपेटचे अंतर कशासाठी ठेवतात?

या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असतो. कॅमचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला आणि पुशरॉड रॉकरला. रॉकरचे दुसरे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर दाबले जाऊन व्हॉल्व्ह उघडतो. उंचवटा निघून गेला की स्प्रिंग व्हॉल्व्हला परत सीटवर बसवते. व्हॉल्व्ह बंद असताना रॉकरचे टोक व व्हॉल्व्हचा दांडा यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते. हेच टॅपेटचे अंतर.

फट ठेवण्याचे कारण साधे आहे. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना ती तापवून घेतात, कारण लोखंड तापले की वाढते. दहा सेंटिमीटर लांबीचा पोलादी दांडा शंभर अंश सेल्सिअसने तापला तर तो सुमारे ०.१२ मिलिमीटर वाढतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून जळता वायू बाहेर पडत असल्याने त्याचे तोंड सातशे अंशांच्या आसपास तापते. आजूबाजूचे हेड पाण्याने थंड ठेवलेले असते, त्यामुळे ते तेवढे वाढत नाही. वाढीला जागा नसेल तर दांडा रॉकरला टेकून राहतो आणि व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही.

व्हॉल्व्हला मिळालेल्या उष्णतेपैकी सुमारे तीनचतुर्थांश उष्णता सीटला टेकल्यावर सीटमधून हेडकडे जाते, उरलेली गाईडमधून. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटात १५०० वेळा उघडतो व मिटतो. दर खेपेला सीटवर टेकण्याची जी संधी मिळते, तेवढ्यातच त्याने थंड व्हायचे असते. ती संधी हुकली की व्हॉल्व्ह अधिक तापतो, तापला की आणखी वाढतो आणि वाढला की आणखी कमी टेकतो. मग कडेच्या एखाद्या बारीक जागेतून जळता वायू सुटू लागतो आणि गॅस कटरने पत्रा कापावा तशी तेथे खाच पडते.

सैल आणि घट्ट

अंतर जास्त झाले तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो, लवकर मिटतो आणि पुरेसा उघडत नाही. इंजिनाची ताकद थोडी कमी होते, टकटक आवाज येतो आणि रॉकरचे तोंड व दांड्याचे टोक ठोकून झिजतात. हे नुकसान खरे, पण संथ असते, आणि आवाजामुळे ते लक्षातही येते. अंतर कमी झाले तर व्हॉल्व्ह लवकर उघडतो, उशिरा मिटतो, आणि फट पूर्ण गेली की वर सांगितल्याप्रमाणे जळतो. त्याची सूचना कानाला मिळत नाही.

म्हणूनच ‘आवाज बंद करून द्या’ असे मेकॅनिकला सांगू नये. गिऱ्हाईक खूश करण्यासाठी कानाने टॅपेट घट्ट करून देण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. गाडी गोड आवाजात घरी येते आणि पुढच्या हंगामात हेड उतरवावे लागते. काम मेकॅनिककडून करून घेतले तरी फीलर गेजची पट्टी लावूनच करावे, असा आग्रह धरावा.

शिसेविरहित पेट्रोलचा परिणाम

ही इंजिने आराखडली गेली तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. ते मुख्यतः इंजिनाचे ठोके थांबवण्यासाठी असले तरी त्याचा आणखी एक उपयोग होई. जळल्यानंतर शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसे आणि व्हॉल्व्ह व सीट यांच्यातील धातू एकमेकांना चिकटत नसे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळू लागले. माणसांच्या, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्यासाठी ते योग्यच झाले. पण ज्या जुन्या हेडमध्ये वेगळी कठीण सीट न बसवता ओतीव लोखंडातच सीट कापलेली आहे, तेथे एक्झॉस्टची सीट हळूहळू झिजून खोल जाऊ लागते. ॲम्बेसेडरचे मूळ १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच प्रकारचे आहे.

सीट खोल गेली की व्हॉल्व्हचे तोंड हेडमध्ये वर सरकते, आणि दांड्याचे टोक तेवढेच रॉकरकडे येते. म्हणजे सीट झिजल्यावर अंतर वाढत नाही, कमी होते. झीज म्हटली की ढिलाई असा आपला नेहमीचा अनुभव असल्याने ही गोष्ट अनेकांना उलटी वाटते. लांब पल्ल्याला भरधाव चालवणे, चढावर ओझे ओढणे आणि एलपीजी किंवा सीएनजीवर चालवणे यांमुळे ही झीज लवकर होते. गॅस कोरडा असतो आणि त्यातही सीटला जपणारे काही नसते. हळू, गावातल्या गावात चालणाऱ्या गाडीला हा त्रास बराच कमी होतो.

जाता जाता इथेनॉलविषयी. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचा काही भाग आपल्याच उसाचा असतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन मिस मारू लागते. असे मिसिंग टॅपेटच्या माथी मारू नये. आधी अंतर मोजावे, ते बरोबर असेल तर कार्ब्युरेटरकडे वळावे.

कामाची तयारी

फीलर गेज, लॉकनटाच्या मापाचा रिंग पाना, चांगल्या धारेचा पेचकस आणि स्वच्छ फडके एवढे साहित्य पुरते. फीलर गेजच्या पट्ट्या वाकलेल्या किंवा गंजलेल्या नसाव्यात. इंचाच्या हजाराव्या भागाला आपले मेकॅनिक ‘थाऊ’ म्हणतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर. ॲम्बेसेडरच्या वरील १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे माप ०.०१५ इंच, म्हणजे पंधरा थाऊ किंवा ०.३८ मि.मी. आहे. नंतरच्या काळात ॲम्बेसेडरमध्ये वेगळ्या बनावटीची १८०० सीसी इंजिनेही आली. त्यांना हे माप लावू नये. पद्मिनीचे मापही निराळे आहे. आपल्या गाडीच्या पुस्तकात जो आकडा असेल तोच धरावा, आणि तो थंड इंजिनासाठी दिला आहे की गरम, हेही पाहावे. थंडीचे माप असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करावे. गाडी बाजारातून आली आणि तासाभरात कव्हर उघडले, हे थंड इंजिन नव्हे.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा, चाकांना दगड लावावेत आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा. बॅटरीची एक वायर काढावी. चारही स्पार्क प्लग काढून घेतले म्हणजे हँडलने इंजिन सहज फिरते. प्लगच्या वायरींवर खुणा करून ठेवाव्यात. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, मुठीत वळवू नये. प्लग काढलेले असतानाही ही सवय मोडू नये, कारण इंजिनाने उलट झटका दिल्यास मनगटावर येते.

वरच्या कव्हरचे नट काढून कव्हर सरळ वर उचलावे. कॉर्कचे पॅकिंग फाटले तर नवे घालावे. त्यापूर्वी कव्हरच्या कडेची धूळ व तेलाचा चिखल पुसून घेण्यास विसरू नये, नाहीतर सगळी माती रॉकरवर पडते. येथे एक सावधगिरी : रॉकर शाफ्टच्या आधारांवरील मोठे नट हे हेडचेही नट असतात. रेडिएटरमध्ये पाणी असताना ते सैल केल्यास पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकते. टॅपेट बांधण्यासाठी त्यांना हात लावण्याची गरज नसते.

नऊची बेरीज

चार सिलिंडरच्या या इंजिनात आठ व्हॉल्व्ह असतात. रेडिएटरच्या बाजूने एक ते आठ असे क्रमांक द्यावेत. ॲम्बेसेडरच्या या इंजिनात १, ४, ५ व ८ हे एक्झॉस्ट आणि २, ३, ६ व ७ हे इनलेट आहेत. अंतर मोजताना तो व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला आणि त्याचा टॅपेट कॅमच्या गोल पाठीवर असला पाहिजे. ते ओळखण्यासाठी नऊच्या बेरजेचा नियम वापरतात. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असेल त्याचा क्रमांक नऊमधून वजा करावा, येईल त्या क्रमांकाच्या व्हॉल्व्हचे अंतर बांधावे. पुढील क्रमाने गेल्यास हँडल कमीत कमी फिरवावे लागते.

८ उघडा असताना १ बांधा
६ उघडा असताना ३ बांधा
४ उघडा असताना ५ बांधा
७ उघडा असताना २ बांधा
१ उघडा असताना ८ बांधा
३ उघडा असताना ६ बांधा
५ उघडा असताना ४ बांधा
२ उघडा असताना ७ बांधा

पूर्ण उघडा कसा ओळखावा? हँडल हळू फिरवताना रॉकरचे टोक व्हॉल्व्हला खाली दाबत जाते, क्षणभर थांबते आणि परत येऊ लागते. थांबते तेथे हँडल सोडावे. थोडे पुढेमागे झाले तरी बिघडत नाही, कारण समोरच्या जोडीदाराचा टॅपेट तेव्हा गोल पाठीच्या मध्यावर असतो.

हा नियम सगळ्या इंजिनांना लागू पडत नाही. व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी असेल तेथेच तो बिनधोक चालतो. इनलेट व एक्झॉस्ट एकाआड एक असतील तर दुसरी पद्धत वापरावी. एका सिलिंडरचा एक्झॉस्ट मिटत आणि इनलेट उघडू लागतो त्या क्षणी दोन्ही रॉकर एकदम हलतात, त्याला मेकॅनिक ‘व्हॉल्व्ह झुलणे’ म्हणतात. १-३-४-२ हा जळण्याचा क्रम असलेल्या इंजिनात चौथ्या सिलिंडरचे झुलत असतील तेव्हा पहिल्याचे दोन्ही बांधावेत, दुसऱ्याचे झुलताना तिसऱ्याचे, पहिल्याचे झुलताना चौथ्याचे आणि तिसऱ्याचे झुलताना दुसऱ्याचे.

पट्टी कशी लावावी

ठरलेल्या मापाची पट्टी रॉकरचे टोक आणि दांडा यांच्यामध्ये सरळ घालावी. ओढताना किंचित अडल्यासारखी वाटली पाहिजे, वहीच्या दोन पानांमधून पोस्टकार्ड ओढावे तशी. सुळकन सरकली तर अंतर जास्त आहे. जोर लावावा लागला किंवा पट्टी वाकली तर कमी आहे. खात्रीसाठी एक थाऊ जाड पट्टी घालून पाहावी, ती जाऊ नये.

लॉकनट सैल करताना पेचकसने स्क्रू धरून ठेवावा. स्क्रू आत फिरवला की फट कमी होते, बाहेर फिरवला की वाढते. हवे तेवढे अडखळणे मिळाले की स्क्रू जागेवर धरून लॉकनट आवळावा, आणि पट्टी पुन्हा घालून पाहावी. नट आवळताना स्क्रू एखादा थाऊ सरकतोच. दुसऱ्यांदा न मोजता पुढच्या व्हॉल्व्हकडे जाणे ही या कामातली सर्वांत मोठी आळशीपणाची खूण आहे.

जुन्या इंजिनात रॉकरच्या तोंडाला दांड्याच्या टोकाएवढा खड्डा पडलेला असतो. पट्टी सपाट असल्याने ती खड्ड्याच्या कडांवर टेकते आणि खरे अंतर मोजल्यापेक्षा जास्त राहते. पट्टीने पंधरा थाऊ लागले तरी इंजिन टकटकते, ते यामुळे. अशा वेळी कानाच्या समाधानासाठी फट कमी न करता रॉकर बदलावा किंवा यंत्रावर त्याचे तोंड घासून घ्यावे. हेड उतरवून नवे पॅकिंग घातले असेल तर इंजिन काही काळ चालवून हेडचे नट पुस्तकातील जोराने पुन्हा तपासतात. पॅकिंग दबले की हेड खाली बसते आणि टॅपेटचे अंतर घटते, म्हणून त्यानंतर टॅपेट पुन्हा बांधणे आवश्यक असते.

कव्हर बसवताना नट बेताने आवळावेत. तेल गळू नये म्हणून जोर लावला की पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती वाढते.

नोंदवही ठेवावी

या वयाच्या इंजिनांना सर्वसाधारणपणे आठ ते दहा हजार किलोमीटरला टॅपेट तपासतात. शिसेविरहित पेट्रोलवर किंवा गॅसवर चालणाऱ्या जुन्या हेडसाठी आमच्या मते हे अंतर निम्मे करावे. स्क्रूला हात लावण्यापूर्वी प्रत्येक व्हॉल्व्हचे सापडलेले अंतर वहीत लिहून ठेवावे. दूध आणि खताचा हिशेब आपण ठेवतो, त्याच वहीचे एक पान यासाठी पुरेल.

समजा सर्व व्हॉल्व्ह पंधरा थाऊवर बांधले होते. पाच हजार किलोमीटरनंतर सात व्हॉल्व्ह चौदा ते सोळा थाऊ दाखवतात, आणि पाच क्रमांकाचा एक्झॉस्ट नऊ थाऊ दाखवतो. तो पुन्हा पंधरावर बांधला. पुढच्या खेपेला तो परत दहावर आला, तर त्या सीटची झीज चालू आहे हे निश्चित समजावे. बांधून बांधून हा प्रश्न सुटत नाही, थोडा पुढे ढकलला जातो. तोवर भरधाव चालवणे टाळावे आणि हंगाम संपला की हेड चांगल्या मशीन शॉपमध्ये नेऊन एक्झॉस्टला कठीण सीट रिंगा बसवून घ्याव्यात. नुसते पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासून घेतल्यास सीट आणखी खोल जाते. ज्याने सापडलेले अंतर न लिहिता थेट पंधरावर बांधले, त्याला यातले काहीच कळत नाही.

व्हॉल्व्ह आधीच गळत असेल तर

प्लग बसवलेले आणि इग्निशन बंद असताना हँडल हळू फिरवावे. चार वेळा सारखा विरोध लागला पाहिजे. एखाद्या वेळी हँडल पोकळ गेल्यासारखे फिरले तर त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेले आहे. प्लगच्या भोकातून त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा पाहावे. विरोध वाढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा हेडच्या पॅकिंगचा. इंजिन चालू असताना सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली आणि ती मधूनमधून आत ओढली जाऊ लागली, तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असल्याचा संशय घ्यावा. जळलेला व्हॉल्व्ह टॅपेट सैल करून बरा होत नाही. त्या स्थितीत गाडी रेटत राहिल्यास सीटही जळते आणि न जळलेले पेट्रोल बाहेर पडत असल्याने धूर तपासणीतही गाडी नापास होते.

पेट्रोल जीप आणि विहिरीवरील इंजिन

जुन्या पेट्रोल जीपमधील एफ-हेड इंजिनाची रचना वेगळी आहे. त्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट बाजूला ब्लॉकमध्ये असतात. इनलेटचे अंतर ०.०१८ इंच व एक्झॉस्टचे ०.०१६ इंच, दोन्ही थंड इंजिनावर. वरचे कव्हर काढून इनलेट बांधले आणि काम झाले असे समजून कव्हर लावले, असे या जीपबाबत पुष्कळदा होते. जळणारे व्हॉल्व्ह मात्र बाजूच्या झाकणाआड, मॅनिफोल्डखाली असतात. तेथे हात पोचणे त्रासाचे आहे, दोन पाने लागतात आणि वेळ जातो. तरीही एक्झॉस्ट तपासल्याशिवाय त्या जीपचे टॅपेट झाले असे म्हणता येत नाही.

विहिरीवरील एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे काम त्यामानाने सोपे. फ्लायव्हील फिरवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी वर आणला की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि दोन्ही एकाच वेळी बांधता येतात. पिस्टन एक्झॉस्टच्या शेवटीही वर येतो, पण तेव्हा दोन्ही रॉकर झुलत असतात. तसे दिसल्यास फ्लायव्हीलचा आणखी एक पूर्ण फेरा द्यावा. डिकॉम्प्रेशनचा खटका असल्यास तो खाली असल्याची खात्री करूनच पट्टी घालावी, कारण खटका उचललेला असताना व्हॉल्व्ह थोडा उघडा धरलेला असतो आणि मोजलेले अंतर खोटे निघते.